पुराचा नकाशा कोणाच्या मालकीचा?

कृष्णा-पंचगंगेला महापूर आला की आमचे राज्यकर्ते प्रथम हेलिकॉप्टरमध्ये बसतात. त्यांच्या हवाई पाहणीची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत येतात, तिसऱ्या दिवशी मदतीचा आकडा जाहीर होतो आणि चवथ्या दिवशी पाणी ओसरू लागते. ही पाहणी म्हणजे एका परीने सुदूर संवेदनच म्हणावयाचे. मात्र त्यात ‘सुदूर’ पुष्कळ आणि ‘संवेदन’ अगदीच अल्प. ज्याला शास्त्रीय परिभाषेत सुदूर संवेदन म्हणतात ते याहून फार गंभीर काम आहे. उपग्रहांवरून भूपृष्ठाचे सातत्याने चित्रण करावयाचे. त्या चित्रांवर जमिनीचे चढउतार, ओढेनाले, रस्ते, वस्त्या आणि गट क्रमांक यांचे थर संगणकाच्या साहाय्याने एकावर एक बसवावयाचे. आणि नदीला अमुक इतके पाणी आले तर ते कोणत्या गल्लीत किती चढेल हे आगाऊ सांगावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. या दुसऱ्या भागाला भौगोलिक माहिती प्रणाली असे भारदस्त नाव आहे. पूरव्यवस्थापनात या शास्त्राचा उपयोग होतो की नाही हा वाद आता संपला आहे. तो उपयोग कोणासाठी होतो, हा वाद मात्र अजून सुरूही झालेला नाही. आणि तज्ज्ञांच्या परिसंवादांवर सोपवून हातावेगळा करण्यासारखा तो नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सुमारे साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेली. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट असताना पंचगंगा ५५ फुटांच्या वर चढली. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद राहिला. दोन जिल्ह्यांतून चार लाखांहून अधिक लोकांना हलवावे लागले. आणि ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेहून अधिक माणसे घेऊन निघालेली बोट उलटून डझनाहून अधिक जीव गेले. त्यांत बायका आणि लहान मुलेही होती. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, राजाराम बंधाऱ्यावरचे पाणी २०१९ च्याही खुणेवर गेले, आणि त्याच सुमारास वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली.

ब्रह्मनाळला बोट का लागली, हा प्रश्न येथे विचारणे अवश्य आहे. नदीने त्या गावाला अचानक गाठले नव्हते. पाणी दिवसामागून दिवस चढत होते. गाव नदीच्या काठी आहे, गावाच्या बाहेर जाणारी वाट कोणत्या पातळीला तुटते, त्यानंतर गाव बेट होते की नाही, या सर्व गोष्टी जमिनीच्या उंचीचा चांगला नकाशा हाती असलेला कोणीही अभियंता पाऊस सुरू होण्यापूर्वी सांगू शकला असता. किंबहुना गावातील म्हातारी माणसेही ते सांगू शकली असती. वाट तुटण्यापूर्वी माणसे बाहेर निघाली असती, तर कोणालाही बोटीत बसावे लागले नसते. म्हणजे जे ज्ञान अस्तित्वात होते ते योग्य वेळी, योग्य जागी, योग्य माणसाच्या हाती नव्हते. आपल्या पूरव्यवस्थेचे मर्मस्थान हेच आहे.

या शास्त्रावर आपला सर्वांचा हक्क आहे, हे प्रथम ठासून सांगितले पाहिजे. भारताचा पहिला प्रत्यक्ष कामाचा सुदूर संवेदन उपग्रह, आय.आर.एस. १ अ, १७ मार्च १९८८ रोजी सोव्हिएत संघातील बैकोनूरहून सोडण्यात आला. त्याच वर्षी नागपुरास महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. ढगांना भेदून पाहू शकणारा आपला स्वतःचा रिसॅट-१ हा रडार-उपग्रह २०१२ मध्ये गेला. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार हा तर भारत आणि अमेरिका यांच्या अंतराळ संस्थांनी मिळून उभारलेला. हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र आसाम-बिहारसारख्या राज्यांच्या अनेक वर्षांच्या पूरचित्रांवरून पूरधोक्याचे नकाशासंग्रह तयार करून देत आले आहे. हा सारा डोलारा खाजगी भांडवलाने उभारलेला नाही. गिरणी कामगाराने काडेपेटीवर दिलेल्या करापासून शेतकऱ्याने डिझेलवर भरलेल्या करापर्यंत सर्वांचा पैसा त्यात आहे. मग त्यातून निघालेला नकाशा त्या शेतकऱ्याला पाहावयास मिळू नये, याला न्याय म्हणत नाहीत.

येथे कोणी म्हणेल की, नकाशे गुप्त कोठे आहेत? खरे आहे, काही शहरांच्या पूररेषांचे नकाशे शासनाच्या संकेतस्थळांवर ठेवले गेले आहेत. परंतु आपल्या देशात नकाशाकडे पाहण्याची सरकारी दृष्टी मूलतः वसाहतीची आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची परंपरा १७६७ पर्यंत मागे जाते; कंपनी सरकारला मुलूख जिंकावयाचा आणि महसूल बसवावयाचा होता, म्हणून नकाशे झाले, आणि म्हणूनच ते प्रजेपासून लपवून ठेवण्याची रीत पडली. स्वातंत्र्यानंतरही ती दीर्घ काळ टिकली. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने थोडी खिडकी उघडली. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सारे दारच उघडले, पण त्या उघडण्याच्या समारंभात नाव घेतले गेले ते उद्योगांचे आणि नवउद्योजकांचे. ब्रह्मनाळच्या सरपंचाला आपल्या गावठाणाची उंची समजावी, असा हेतू त्यात कोठे डोकावला नाही. दाराच्या बाहेर उभा असलेला ग्राहक बदलला, इतकेच.

आता हे शास्त्र काय करू शकते आणि कोठे अडते, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. कारण उद्या तहसील कचेरीत कोणी रंगीत कागद पुढे टाकून ‘उपग्रहात तुमचे शेत बुडालेले दिसत नाही’ असे सांगेल, तेव्हा त्याला उत्तर देता आले पाहिजे.

साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला पावसाळ्यात ढगांखालचे काहीच दिसत नाही. म्हणून पुरासाठी रडार लागते. उपग्रह स्वतः सूक्ष्म लहरी खाली सोडतो आणि परत आलेल्या लहरींवरून चित्र बनवतो. रात्र असो, ढग असोत, अडथळा येत नाही. उघडे, संथ पाणी आरशासारखे असल्याने लहरी दुसरीकडेच परावर्तित होतात, आणि चित्रात पाणी काळे दिसते. पुरापूर्वीचे चित्र आणि पुरातले चित्र ताडून पाहिले की नवा काळा भाग म्हणजे पूर. येथवर सर्व सुरळीत आहे. पण कृष्णाकाठच्या मळीच्या जमिनीत ऑगस्टात पुरुषभर उंचीचा ऊस उभा असतो. पीक दाट असेल तर आखूड तरंगलांबीच्या लहरी पानांवरूनच परततात. खालचे पाणी त्यांना कळतच नाही. पीक विरळ असेल तर लहरी पाण्यावरून उसळून दांड्यांवर आपटतात आणि थेट उपग्रहाकडे परत येतात. बुडालेले शेत काळे दिसण्याऐवजी उलट उजळ दिसते. दाट वस्तीतही तोच प्रकार. पाण्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून आकाशात असा लहरींचा प्रवास होतो, आणि कमरेइतक्या पाण्यात उभी असलेली गल्ली चित्रात कोरडी ठरू शकते. निसारच्या लांब तरंगलांबीच्या लहरी झाडोऱ्यातून अधिक खोल जातात, म्हणून ही अडचण कमी होईल अशी आशा आहे. पण तोही त्याच जागेवर त्याच मार्गाने येतो तो बारा दिवसांनी. पुराचा कळस मधल्या एखाद्या रात्री येऊन गेला, तर तो त्याच्या नजरेतून सहज सुटू शकतो. जगातील अनेक उपग्रहांची चित्रे एकत्र करून ही उणीव पुष्कळ भरून काढता येते. तरीसुद्धा तात्पर्य हेच की उपग्रहाचे चित्र हा एक साक्षीदार आहे. तो न्यायाधीश नव्हे.

दुसरी अडचण उंचीची. उपग्रहांवरून तयार केलेली जी उंचीची प्रतिमाने सहज मिळतात, त्यांत चूक कित्येक मीटरची असू शकते. डोंगराळ मुलखात हे खपून जाते. सांगली-शिरोळच्या सपाटीवर मात्र एक मीटर पाणी चढले की ते शेतामागून शेते ओलांडून पसरते. तेथे कित्येक मीटर चुकणारा नकाशा हा नकाशाच नव्हे. त्यासाठी विमानातून लेसर किरणांनी मोजणी करावी लागते, जिची अचूकता काही सेंटिमीटरांवर येते. ही मोजणी खर्चिक आहे हे मान्य. परंतु एका महापुरानंतर वाटाव्या लागणाऱ्या मदतीच्या तुलनेत तो खर्च क्षुल्लक आहे, आणि कृष्णेच्या पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळविण्याच्या ज्या योजना जागतिक बँकेच्या कर्जातून पुढे येत आहेत, त्यांच्या हजारो कोटींच्या आकड्यांपुढे तर तो दिसणारही नाही. मोठ्या बोगद्यांना आणि कालव्यांना पैसा मिळतो, कारण त्यात ठेकेदार असतो. नकाशाला ठेकेदार नाही. निदान तितका मोठा नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. महाराष्ट्रात नदीच्या दोन्ही काठांवर दोन रेषा आखाव्यात असे पाटबंधारे विभागाने १९८९ मध्येच ठरविले. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामास बंदी, दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. याच्याही आधी, १९७५ मध्ये, केंद्रीय जल आयोगाने पूरक्षेत्राच्या विभागणीचा एक आदर्श कायदा तयार करून राज्यांकडे पाठविला होता. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्या राज्यांनी त्याच्या धर्तीवर कायदे केले. महाराष्ट्राने केला नाही. १९८० साली राष्ट्रीय पूर आयोगाने देशातील चार कोटी हेक्टर जमीन पूरप्रवण असल्याचे सांगून नुसते बांध बांधण्याबरोबर जमिनीच्या वापरावर नियंत्रण हवे, असे बजावले. तेही कपाटात गेले. म्हणजे ज्या राज्याने रोजगार हमीचा कायदा देशात सर्वांआधी केला, त्या राज्यात पूररेषा आजही परिपत्रकांच्या आणि बांधकाम नियमावलीच्या आधाराने जगत आहे. परिपत्रक बदलायला विधिमंडळ लागत नाही. आणि बदल कोणाच्या सोयीने होतात, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

या रेषांविषयी एक गैरसमज जाणूनबुजून पसरविला जातो. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ २०१९ ला येऊन गेला, आता २११९ पर्यंत निश्चिंत, असा नाही. दरवर्षी तो पूर येण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच त्याचा अर्थ. आणि तीही जुन्या नोंदींवरून काढलेली. २००५, २०१९, २०२१ असे सोळा वर्षांत तीन महापूर पाहिलेल्या नदीची रेषा जुन्या नोंदींवर ठेवणे म्हणजे वाढत्या मुलाला मुंजीतला सदरा घालण्यासारखे आहे. बदलत्या हवामानात थोड्या दिवसांत एकदम कोसळणारा पाऊस वाढत असताना रेषा पुन्हा आखणे अपरिहार्य आहे, आणि ती आतल्या बाजूला सरकण्याचे कारण नाही. पण जमिनीच्या बाजारात रेषा एक मीटर सरकली की कोणाच्या तरी जमिनीचा भाव दसपट होतो. संगणकावर ती सरकवायला एक बोट पुरते. म्हणून ती कोणत्या पावसावरून, कोणत्या उंचीच्या मोजणीवरून, कोणत्या गृहीतांवर आखली, याची संपूर्ण सामग्री उघडी नसेल, तर त्या रेषेवर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही.

निळ्या रेषेच्या आत कोण राहते हेही पाहिले पाहिजे. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या वस्त्यांत पाणी सर्वांत आधी शिरते. जिल्ह्याच्या ठिकाणी पोटासाठी आलेला हमाल, रिक्षावाला, बांधकाम मजूर, घरकाम करणारी बाई यांना शहराने उंचावरची जागा कधीच दिली नाही. शेतजमिनीचे गुंठा-गुंठा तुकडे करून साध्या मुद्रांक कागदावर विकणारे दलाल त्यांना भेटले. ओढे बुजले, सखल रान गल्ल्यांनी भरले. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने त्यांतली पुष्कळ घरे नियमित करण्याची वाट काढली, ते ठीकच झाले. पण घर नियमित झाले म्हणून नदी नियमित होत नाही. उलट दुसऱ्या बाजूस, २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीने निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात जोते लाल रेषेच्या पातळीच्या वर उचलल्यास बांधकामाची सोय ठेवली आहे. जोते उचलायला भराव लागतो, भराव घालायला पैसा लागतो. ज्याच्याजवळ पैसा आहे तो मुरूम ओतून स्वतःपुरता पुराच्या वर जातो, आणि त्याच्या भरावाने हटविलेले पाणी शेजारच्या पत्र्याच्या खोलीत शिरते. महामार्गांच्या आणि पुलांच्या जोडरस्त्यांचे भराव हेच मोठ्या प्रमाणावर करतात. नदीची वाट अडवून रस्ता उंच केला की वरच्या बाजूची गावे त्याची किंमत मोजतात. म्हणून भरावाऐवजी खांबांवरचे पूल करा, ही पूरग्रस्तांची मागणी अगदी रास्त आहे. भौगोलिक माहिती प्रणालीत असा प्रत्येक भराव घालून पाणी किती फुगेल हे रस्त्याची निविदा निघण्यापूर्वी मोजता येते. मोजले जाते काय?

येथे एक सावधगिरी बाळगणे जरूर आहे. पूररेषेचा आग्रह धरणाऱ्यांच्या हातून नकळत एक अन्याय घडू शकतो. न्यायालयाच्या किंवा लवादाच्या आदेशाचा आधार घेऊन रेषेतील झोपड्या एका सकाळी जमीनदोस्त करावयाच्या, आणि त्याच रेषेतील मंगल कार्यालये, हॉटेले व गृहसंकुले ‘प्रकरण विचाराधीन’ म्हणून ठेवावयाची, हा अनेक शहरांचा परिपाठ आहे. नकाशा सर्वांना सारखा दिसत असला तरी बुलडोझरला तो सारखा दिसत नाही. म्हणून पूररेषेची अंमलबजावणी आणि उंचावर, कामधंद्याच्या जवळ, मालकी हक्काची घरे या दोन मागण्या आम्ही वेगळ्या करू देणार नाही. स्थलांतर झालेल्यांचा अनुभवही विसरता कामा नये. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीसारख्या गावांना सोनतळीस पर्यायी जागा मिळाल्या, तरी अनेक कुटुंबे जुन्या गावातच राहिली. कारण गोठा, रान, पाणी आणि आयुष्य तेथे आहे. नुसता भूखंड म्हणजे पुनर्वसन नव्हे.

पुरानंतरच्या मदतीत हे तंत्र कसे शिरते आहे, याकडेही लक्ष वेधणे अगत्याचे आहे. २०१९ मध्ये शासनाने मोफत धान्यासाठी घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असल्याची अट घातली, तेव्हा महाराष्ट्रभर संतापाची लाट उसळली. तलाठ्याच्या पंचनाम्यात लाच, वशिला, जातीपाती असतात, त्यापेक्षा उपग्रह बरा, असे पुष्कळांना वाटते, आणि त्यात तथ्यही आहे. पण उपग्रहाचे चित्र ज्या थरावर ठेवले जाते तो थर असतो सातबाऱ्याचा. सातबाऱ्यावर वाटेकऱ्याचे नाव नाही. उसतोडीला आणि भांगलणीला जाणाऱ्या भूमिहीन बाईचे, जिचे पंधरा दिवसांचे काम पाण्याखाली गेले, नाव नाही. गावठाणातल्या भाडेकरूचे नाही, पालात राहणाऱ्या भटक्यांचे तर कोठेच नाही. नकाशा जितका अचूक होईल, तितकी ही माणसे अधिक अचूकपणे गळतील. यंत्राचा दोष नाही हा. यंत्राला जे थर आपण दिले, त्यांत मालमत्ता आहे आणि माणूस नाही. मजुरी बुडालेल्यांचा, भाडेकरूंचा आणि वाटेकऱ्यांचा थर त्यात घालावयाचा तर तो ग्रामसभेतूनच येईल. आकाशातून येणार नाही.

अलमट्टीविषयी दोन शब्द. दर पुराला महाराष्ट्रातील पुढारी कर्नाटकाकडे बोट दाखवतात. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने अलमट्टीच्या फुगवट्याला या पुराचे मुख्य कारण मानले नाही; अतिवृष्टी आणि नदीपात्रातील अडथळे व अतिक्रमणे यांवर भर दिला. ज्यांना हे मान्य नाही असे अभ्यासकही आहेत, आणि धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची मुभा २०१० च्या कृष्णा पाणीतंटा निवाड्याने दिल्यानंतर कृष्णाकाठची चिंता स्वाभाविकही आहे. परंतु ही गोष्ट घोषणांनी नव्हे, मोजणीने ठरण्यासारखी आहे. कोयना, वारणा, राधानगरीपासून हिप्परगी आणि अलमट्टीपर्यंत नदीचे छेद, जमिनीची उंची, तासातासाचा विसर्ग हे सारे एकाच प्रतिमानात घालून दोन्ही राज्यांनी लोकांपुढे ठेवावे. ज्याला भीती नाही त्याने आधी ठेवावे. तसे होत नाही, कारण शेजारचे राज्य दोषी असणे दोन्हीकडच्या सत्ताधाऱ्यांना सोयीचे आहे. निपाणी आणि शिरोळ यांचा शेतकरी मात्र एकाच पाण्यात उभा असतो.

धरणांतून सोडल्या जाणाऱ्या पाण्याची पूर्वसूचना हा याच साखळीचा शेवटचा, आणि सर्वांत कच्चा दुवा. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत स्वयंचलित पर्जन्यमापके व पातळीमापके बसवून तत्काळ माहिती मिळविण्याची व्यवस्था जलविज्ञान प्रकल्पाखाली उभी राहून बरीच वर्षे झाली. राधानगरीचे सात दरवाजे तर पाणी भरले की आपोआप उघडतात. त्यांना कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. तरीही ‘अमुक हजार क्युसेक विसर्ग सुरू, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ हीच सूचना वर्षानुवर्षे दिली जाते. क्युसेक म्हणजे काय, हे कुणा गृहिणीला सांगावे? तिला हवे असते ते एवढेच: माझ्या दाराशी पाणी किती वाजता येईल आणि किती चढेल. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडले गेले आणि पुण्यातील सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक पाण्यात सापडले. वेळेवर सूचना मिळाली नाही, असे रहिवासी सांगत होते. पानशेतचा १२ जुलै १९६१ ज्या शहराने पाहिला, ज्या शहरात संगणक अभियंते हजारोंनी राहतात, त्याची ही गत. अमुक विसर्गाला अमुक गल्ली, हे कोष्टक तयार करणे हे या शास्त्राचे अगदी प्राथमिक काम आहे. आसामात २००९ मध्ये लखीमपूर जिल्ह्यापासून सुरू झालेली पूर्वसूचना पद्धती उपग्रह, पाऊस आणि नदीचे प्रतिमान यांचा मेळ घालून जिल्हा प्रशासनाला आगाऊ इशारा देते. तिच्यात उणिवा असतील. पण ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात जे जमते ते मुठा-कृष्णेच्या खोऱ्यात जमत नाही, असे कोणी सांगू नये.

आणि नकाशे केवळ कचेऱ्यांतच होतात हीही समजूत सोडून द्यावी. १९९० च्या दशकाच्या आरंभी केरळमध्ये शास्त्र साहित्य परिषद आणि तेथील भूविज्ञान संस्था यांनी पंचायतींच्या साधनसंपत्तीचे नकाशे गावोगावच्या स्वयंसेवकांकडून करवून घेतले. कण्णूर जिल्ह्यातील कल्लियाशेरीचा प्रयोग त्यातूनच पुढे आला, आणि १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेला त्याची शिदोरी मिळाली. शिक्षक, विद्यार्थी, शेतमजूर हातांत महसुली नकाशा घेऊन शिवारभर फिरले. आपल्याकडे तर आज प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे, त्यात स्थाननिश्चिती आहे. आणि जुन्या घरांच्या भिंतींवर २००५, २०१९, २०२१ च्या पाण्याचे डाग अजून आहेत. रडारला उसाखाली जे दिसत नाही ते या डागांत लिहिलेले आहे. ते वेळीच मोजले नाहीत तर पुढच्या रंगसफेदीत पुसले जातील.

म्हणून नदीकाठच्या तालुक्यांतील आमच्या कार्यकर्त्यांनी या कामाला आताच हात घालावा. शाळेतील विज्ञान शिक्षक, तालुक्याच्या महाविद्यालयातील भूगोलाचे प्राध्यापक आणि गावातील दोन-चार वृद्ध यांना बरोबर घ्यावे. प्रत्येक आळीतील पाण्याची खूण मोजावी, स्थानासह व वर्षासह नोंदवावी. वाट कोठे आधी तुटते, अपंग, गरोदर, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या कोणत्या घरांत आहेत, जनावरे कोठे न्यावयाची, हे त्याच कागदावर यावे. हा कागद १ मेच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. त्याच ग्रामसभेत ठराव करावा की गावाची निळी व लाल रेषा, ती आखण्यासाठी वापरलेल्या उंचीच्या मोजणीसह, चावडीच्या भिंतीवर रंगवावी. धरणाच्या विसर्गाचे गावापुरते कोष्टक मराठीत, फुटांत, तासांत द्यावे. आणि पंचनाम्याच्या यादीत वाटेकरी, भाडेकरू व मजूर यांची नावे धरावीत. ठरावाची एक प्रत जलसंपदा विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला आणि एक जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी व पोच घ्यावी. माहिती अधिकार कायद्याच्या चवथ्या कलमाखाली ही माहिती कोणी न मागताच जाहीर करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, हे अर्जात नमूद करावे. मृगाच्या आत उत्तर आले नाही, तर मोर्चा तहसीलीवर न नेता थेट पाटबंधारे मंडळाच्या कचेरीवर न्यावा. नकाशे तेथे आहेत.